आबांची पुरचुंडी

आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, हंगामाचा सण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी असतो. स्वागत, अहवाल, शाल-नारळ हे दरवर्षी होतं आणि दरवर्षी लांबतं. अहवाल मीच वाचते, तेव्हा त्याबद्दल जास्त बोलत नाही.

वेदीपुढचा ढीग मात्र बघत राहावा असा. मावळातला इंद्रायणी तांदूळ, पुरंदरची सीताफळं, गावठी अंडी, आणि पाय बांधलेला कोंबडा, जो नेमका मूक प्रार्थनेत आरवतो. आम्ही पेठेतली माणसं आदल्या संध्याकाळी मंडईतून भोपळा उचलतो. स्टिकर चिकटलेली सफरचंदंसुद्धा येतात. देवाला चालतं, असं पाळकसाहेब म्हणतात.

मी जाते ती आबांच्या साक्षीसाठी, म्हणजे ते उपासनेत आपल्या अनुभवातून बोलतात त्यासाठी. आबा केडगावकडचे. त्यांची आजी दुष्काळात पोरकी झालेली, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली. आबा येताना रानातली माती फडक्यात बांधून आणतात आणि बोलता बोलता पुरचुंडी सोडतात.

बायबलमधला पेरणाऱ्याचा दाखला आम्ही लहानपणी शब्बाथ शाळेपासून ऐकलेला, मत्तयाचा तेरावा अध्याय: बी म्हणजे देवाचं वचन, जमीन म्हणजे ऐकणाऱ्याचं मन. पण आबा म्हणाले, “त्या पेरणाऱ्याकडं आपल्यासारखी पेरायची पाभर नव्हती. तो बी फोकत होता, म्हणून काही वाटेवर पडलं. आता वाट म्हणजे काय? ती बी रानच की! माणसं तुडवून तुडवून घट्ट झाली, एवढंच.” मनावरून कोण कोण चालून गेलं हे मी तेव्हा पहिल्यांदा मोजलं.

एका वर्षी वापशावर, म्हणजे पेरणीजोग्या ओलीवर बोलले. पाऊस पडला की लगेच पाभर घालायची नाही, चिखलात बी कुजतं. मूठभर माती दाबायची, गोळा खाली टाकायचा. फुटला तर वापसा. “रडणाऱ्या माणसाला लगेच वचन सांगायला जाऊ नका. थोडं निथळू द्या.” त्याआधी आठच दिवस मी एका शोक झालेल्या घरी जाऊन बरंच काही सांगून आले होते.

हराळी गवतावर बोलले ते वर्ष तर मला लागलंच. वरवर खुरपली की ती दुप्पट येते, खोल खणून मुळांची एकेक काशी वेचावी लागते. महिला मंडळातल्या एका बहिणीशी मी दोन वर्षं बोलत नव्हते. कारण पडद्याच्या कापडाचं, सांगायचीही लाज वाटते. त्या दुपारी पंगतीत तिच्या पानात मीठ मी वाढलं. तिनं “पुरे” म्हटलं. एवढंच झालं.

हे ऐकायला निम्मी बाकं रिकामी असतात, याचा राग आहे. साडेनऊची उपासना, हडपसरची तरुण मंडळी साडेअकराला गाडी लावायला जागा शोधत येतात, आणि जेवणाला पानं कमी पडतात!

नावं घेतली की एखादं राहतं आणि वर्षभर ऐकावं लागतं, म्हणून कामंच सांगते. पेटीवाले काका, भल्या पहाटे भात चढवणारे दोघे भाऊ, चुलीजवळच्या तिघी मावश्या (चौथी बाळंतपणाला गेली होती, तीही धरा), खुर्च्या लावणारा तरुण संघ, खरं तर त्यातले चारच, गेटवरचे वॉचमनदादा, कोंबडा रात्रभर घरी सांभाळणाऱ्या पाळकीणबाई, आणि वेदीपुढच्या ढिगाचा लिलाव पुकारणारे काका, ज्यांच्यामुळे एका अंड्याचे तीनशे येतात. पातेली घासणाऱ्या ताई राहत होत्या बघा.

गेल्या वर्षी आबा आले नाहीत, गुडघे धरलेत. पुतण्याबरोबर पुरचुंडी तेवढी पाठवली. तीही ढिगात गेली आणि काकांना ती पुकारावी कशी कळेना. कोणी हसलं. मी पन्नास म्हटलं, पुढं कोणी बोललंच नाही. पावतीवर ‘माती, 50 रुपये’ लिहिताना खजिनदारांनी चष्म्यावरून माझ्याकडे दोनदा पाहिलं.