ट्रिएस्त फ्रेम : मे-जून १९४५ चं पान जुळलं

ट्रिएस्त या इटलीच्या ईशान्य टोकाच्या बंदर-शहरावरच्या माझ्या एक-फ्रेम (एकाच चौकटीत मावणाऱ्या) टपाल-तिकीट प्रदर्शनातलं सगळ्यात अवघड पान अखेर मनासारखं बसलं. पुढची सगळी मांडणी याच पानावर उभी आहे, म्हणून बाकीची पानं बाजूला ठेवून आधी हेच हातात घेतलं.

पानाच्या मध्यभागी युगोस्लाव्ह नेता टिटोच्या प्रशासनाने ओव्हरप्रिंट केलेली, म्हणजे आधीच्या छपाईवर नवा मजकूर छापलेली, इटालियन तिकिटं आहेत. तारा, शहराचं दोन भाषांतलं नाव आणि १ मे १९४५ ही तारीख. माझ्या मते या तिकिटांचा जीव त्या तारखेत आहे. टिटोची चौथी आर्मी १ मेला शहरात शिरली. फ्रायबर्गची न्यूझीलंड डिव्हिजन २ मेला पोचली आणि किल्ल्यातले जर्मन शरण गेले ते तिलाच. ‘आधी आम्ही आलो’ हा टिटोचा दावा तिकिटागणिक छापलेला आहे.

न्यूझीलंडची हीच डिव्हिजन ९ एप्रिलला सेनिओ नदीच्या लढाईत होती. त्याच दिवशी, त्याच नदीवर आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. पानावर याला जागा नाही, पण पुण्यात हा विषय मांडताना मला ते सांगायचंच आहे.

मजकूर थोडक्यात ठेवलाय. युरोपातलं युद्ध थांबून दोन आठवडे व्हायच्या आत ब्रिटिश फील्ड मार्शल अलेक्झांडरने टिटोच्या पवित्र्याला हिटलर, मुसोलिनी आणि जपानच्या रांगेत बसवलं. तेही कालपर्यंतच्या मित्राला! ट्रिएस्तसाठी युद्ध ओढवून घ्यायला स्टालिन तयार नव्हता. ९ जूनला बेलग्रेड करार झाला, दोन्ही सैन्यांच्या ताब्यातले भाग वेगळे करणारी मॉर्गन रेषा ठरली आणि १२ जूनला युगोस्लाव्ह सैन्य शहराबाहेर पडलं.

उजवीकडे ब्रिटिश-अमेरिकन प्रशासनाची ‘एएमजी व्हीजी’ (व्हेनेझिया जुलिया प्रांतातलं मित्रराष्ट्रांचं लष्करी प्रशासन) ओव्हरप्रिंट, खाली टिटोकडे राहिलेल्या भागातली इस्त्रिया द्वीपकल्पाची तिकिटं. प्रशासनानुसार वेगळी पानं करायची रीत मला माहीत आहे, पण इथे ती पाळणार नाही. भांडण एकाच जागेचं होतं, तर ते शेजारी-शेजारीच दिसायला हवं.

कार्डशीट अप्पा बळवंत चौकातून आणलेत, आम्लरहित. आता १९४७ च्या ‘ट्रिएस्त स्वतंत्र प्रदेशा’ची पानं घेतोय. १ मे ते १२ जून १९४५ मधला ट्रिएस्तचा स्पष्ट शिक्का असलेलं कव्हर (टपालाने गेलेलं पाकीट) कुणाकडे असेल, तर फक्त पाहायला मिळालं तरी चालेल. ओव्हरप्रिंट बनावट निघू शकतात, त्यामुळे तुलनेला अस्सल नमुना हवाय.