दुगारवाडीची वाफ, निफाडचं दव

नाताळच्या सुट्टीत भाची पुण्याहून आली, ती मोबाइलमध्ये द्रुंगचा व्हिडिओ घेऊनच. काश्मीरमध्ये टंगमर्गजवळचा हा धबधबा थंडीत गोठतो. तिची मैत्रीण तिथे जाऊन आली होती. कड्यावरून उतरलेले बर्फाचे जाड खांब, त्यांच्या फटींतून येणारा निळसर उजेड, आणि आत कुठेतरी अजून पाणी वाहत असल्याचा बारीक आवाज. तीन-चार वेळा पाहून झाल्यावर तिने विचारलं, "मावशी, नाशिकला एवढी थंडी पडते, मग आपला एखादा धबधबा गोठतो का गं?"

"नाही गोठत."

"का?"

वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवते आहे. "आपल्याकडे पारा शून्याखाली जात नाही," असं सांगून मोकळी झाले. त्याच दिवशी दुपारी निफाडहून दादाचा, माझ्या आतेभावाचा, फोन आला. "बांधावरच्या गवतावर आज बर्फ होता. पोरगी आलीये ना? घेऊन ये तिला." माझं उत्तर काही तासही टिकलं नव्हतं. मग ठरवलं, दोन पहाटा काढायच्या. शनिवारी पश्चिमेला दुगारवाडी, रविवारी पूर्वेला निफाड.

नाशिकच्या या दोन दिशा म्हणजे दोन वेगळे मुलूख आहेत. त्र्यंबक-इगतपुरीच्या घाटमाथ्यावर वर्षाला दोन-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. शहरात येईपर्यंत तो सातशेच्या आसपास उरतो आणि निफाडला त्याहूनही कमी. म्हणून धबधबे सगळे पश्चिमेला आणि कडाक्याचा गारठा पूर्वेला, असा आमचा जिल्हा वाटला गेलाय.

शनिवारी पाचला निघालो. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीचा डोंगर अंधारात नुसता काळा ठोकळा दिसत होता. त्र्यंबकला गाडी थांबवून चहा घेतला. टपरीवाल्याने ग्लास हातात देण्याआधी स्वतःचे तळवे त्याच्यावर शेकून घेतले. तिथून जव्हारच्या रस्त्याने पुढे गेलं की दुगारवाडीचा फाटा लागतो. गाडी लावली तेव्हा झुंजुमुंजू झालं होतं आणि पुढच्या पायवाटेवर आमच्याशिवाय कोणीही नव्हतं.

दुगारवाडी मी पावसाळ्यात पुष्कळदा पाहिली आहे. खरं सांगायचं तर पावसाळ्यात ती दिसतच नाही. धुकं, तुषार, माणसांची गर्दी आणि कानात दुसरं काही शिरू न देणारा आवाज. वाटेत ओढा ओलांडावा लागतो आणि वर डोंगरात पाऊस झाला की तो पाहता पाहता फुगतो. २०२२च्या ऑगस्टमध्ये असंच पाणी वाढून पर्यटक पलीकडे अडकले होते, रात्री दोर लावून त्यांना काढावं लागलं होतं. तोच ओढा आम्ही आता दगडांवरून चालत, बुटाचा तळही न भिजवता ओलांडला. कमरेएवढं वाळलेलं गवत दोन्ही बाजूंनी वाटेवर झुकलं होतं आणि त्यावरच्या दवाने पँटी मात्र गुडघ्यापर्यंत ओल्या झाल्या.

दरीत उतरू लागलो तसा गारठा वाढत गेला. रात्रभर थंड झालेली जड हवा उतारावरून घरंगळत तळाशी साठते, हे मुलांना फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं, इथे ते अंगाला कळत होतं. शाळेच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर मी मफलरमध्ये गुंडाळून आणला होता. वर वाटेवर ११ अंश होते, खाली डोहाजवळ ७.

आणि डोहातून वाफ निघत होती.

भाची आधी घाबरलीच. "मावशी, धूर कसला?" धूर नव्हता. कड्यावरून मनगटाएवढी जाड धार कातळाला चिकटत, मध्येच सुटत खाली येत होती, आणि ती जिथे डोहात पडत होती तिथून पांढरी वाफ संथपणे उठून दरीच्या भिंतीला लागून वर सरकत होती. पाण्यात थर्मामीटर धरला. १६. हवेपेक्षा नऊ अंशांनी गरम.

थंडीत पाणी आटलेलं असतं म्हणून लोक इकडे फिरकत नाहीत. माझं म्हणणं उलटं आहे. पाणी कमी झालं की धबधबा कशाचा बनलाय ते दिसतं. समोर सह्याद्रीचा काळा कातळ थरांवर थर रचलेला होता. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोट एकामागून एक पसरत गेले, त्यांच्या थंड झालेल्या या पायऱ्या. कड्याच्या तळाशी दोन थरांच्या मध्ये लालसर मातकट पट्टा होता. एक लोट थंड होऊन पुढचा येईपर्यंतच्या काळात दगडाची माती झाली, ती पुढच्या लाव्हाखाली भाजली, तिची ही रेघ. हा पट्टा मऊ असतो, लवकर झिजतो, म्हणून धबधब्याच्या मागे कपार तयार होते. पावसाळ्यात या कपारीपर्यंत जायचा विचारही करू नये. आता आम्ही सरळ आत जाऊन उभ्या राहिलो.

कपारीत हंसराजाची झुडपं लोंबत होती. काळ्या, केसासारख्या देठांची, पंख्याच्या आकाराच्या इवल्या पानांची. प्रत्येक पानाच्या टोकाला एक थेंब. हे पाणी वरून आलेलं नव्हतं. लाल पट्ट्याच्या वरच्या कडेने, दगडाच्या चिरेतून ते पाझरत होतं. बोटभर रुंद चीर. भाचीने हात लावला आणि पटकन मागे घेतला, पुन्हा लावला. "मावशी, कोमट आहे." थर्मामीटर चिरेत खुपसून पाच मिनिटं धरून ठेवला. २२.

तिच्या प्रश्नाचं उत्तर तिथे, त्या चिरेत होतं. जमिनीखाली काही मीटर गेलं की दिवस-रात्र पोहोचत नाही, मग उन्हाळा-हिवाळाही फारसा पोहोचत नाही. तिथलं तापमान वर्षभराच्या सरासरीजवळ थांबलेलं असतं. मे महिन्यातली चाळिशी आणि डिसेंबरातली पहाट यांची जी सरासरी, ती डोंगराने पोटात धरून ठेवलेली असते. जून ते सप्टेंबर कोसळलेला पाऊस कातळाच्या भेगांतून आत मुरतो आणि महिन्यांनी, थेंब थेंब, ती ऊब घेऊन बाहेर येतो. डिसेंबरचा धबधबा म्हणजे हेच पाझराचं पाणी. द्रुंगकडे कडाक्याच्या थंडीत पारा शून्याखाली जातो, तुषार कडेला गोठतात, त्यावर पुढचे गोठतात, असे थर चढत जाऊन खांब होतात. आपल्याकडे पहाटे गारठलेलं सगळं दहाच्या उन्हात सुटतं आणि पाणी तर निघतं तेच उबदार.

आम्ही कपारीत असतानाच खाली डोहाच्या काठावर करडा धोबी आला. पाठ राखाडी, पोट पिवळं, शेपटी सारखी वर-खाली. ओल्या दगडांवरून धावत तो काहीतरी टिपत होता. हा पक्षी आपल्याकडे फक्त थंडीत असतो, उन्हाळा लागला की पिल्लं काढायला हिमालयाकडे परततो. भाचीला सांगितलं तसा तिने मोबाइल खिशात ठेवला आणि दगडावर बसून राहिली, तो उडून जाईपर्यंत.

वर येताना डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई भेटली, जवळच्या पाड्यावरची. "पाणी पाहाया आल्या का?" तिने विचारलं. मी म्हटलं, "हो ताई. किती दिवस राहतं?" ती म्हणाली, "आता काय, बारीकच हाये. होळीलोक पुरलं तं पुरलं." आणि चालू लागली.

त्या वाक्यानंतर बराच वेळ आम्ही दोघी बोललो नाही. राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या पट्ट्यांपैकी हा एक. इथून दोन दिशांना नद्या जातात, वैतरणा अरबी समुद्राकडे, गोदावरी १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराकडे. आणि याच डोंगरातल्या वाड्या-पाड्यांवर मार्चनंतर बायका हंडाभर पाण्यासाठी मैलभर चालतात. ब्रह्मगिरीच्या अंगावरच्या मेटघर किल्ला या गावात तर बायका खोल विहिरीत उतरून वाटीने पाणी भरतात, ते फोटो दर उन्हाळ्यात छापून येतात. जमीन मुरवेल तेवढंच पाणी थंडीत झऱ्यातून परत मिळतं. झाड तोडलं, गवताला वणवा लावला, पायथ्याला जेसीबीने डोंगर कापला, की मुरणं कमी होतं. २०२१मध्ये ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी चाललेल्या खोदकामाविरुद्ध नाशिककर रस्त्यावर आले होते. मला तेव्हा तो फक्त डोंगर वाचवण्याचा प्रश्न वाटला होता. आज त्या २२ अंशांच्या चिरेला हात लावून आल्यावर वाटतं, डोंगर कापला की मार्चमधला हंडा जातो.

परतताना गंगापूर रोडला सोमेश्वरच्या धबधब्यावर पाच मिनिटं थांबलो. गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, बऱ्यापैकी पाणी होतं, पण तिथलं पाणी धरणाच्या दाराच्या हिशेबाने चालतं. तिथे थर्मामीटर काढावासा वाटला नाही.

रात्री निफाडला दादाकडे मुक्काम. वहिनीने बाजरीच्या भाकरी, वांग्याचं भरीत आणि ठेचा केला होता. जेवताना दादा सारखा उठून अंगणात जाऊन आकाश बघत होता. आभाळ आलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं, कारण ढग रात्री जमिनीवर पांघरुणासारखे काम करतात. पण एकही ढग नव्हता, वाराही पडलेला होता. "आज पडणार," तो म्हणाला. ऑक्टोबर छाटणीची द्राक्षबाग फुगवणीला आलेली. या दिवसांत गारठा लांबला की मण्यांची फुगवण थांबते. तयार होत आलेले मणी असतील तर ते तडकतात. शिवाय पिंक बेरीचं भय, हिरवा मणी गुलाबी पडला की निर्यातीचा माल गेला. एका प्लॉटमध्ये त्यांनी घडाघडाला कागद गुंडाळले होते. हजारो घड, प्रत्येकाला हाताने.

चारला दादाने उठवलं. बागेच्या कडेने छाटणीच्या काड्या आणि ओला पालापाचोळा पेटवलेला होता. ज्वाळा थोड्या, धूर जास्त. तो धूर विजेच्या खांबाच्या उंचीपर्यंत सरळ चढला आणि तिथे अडल्यासारखा आडवा पसरला. वर उबदार हवा, खाली थंड, त्यामुळे त्याला वर जाता येत नव्हतं. आख्ख्या शिवारात ठिकठिकाणी अशा शेकोट्या होत्या आणि त्यांच्या धुराचं एकच सपाट छत झालं होतं. वहिनी हातात काठी घेऊन एका शेकोटीकडून दुसरीकडे जात होती. त्या दोघांनी त्या आठवड्यात एकही सलग रात्र झोपून काढलेली नव्हती.

निफाडचा पारा वर्तमानपत्रात येतो तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला. तो हवेचा पारा, जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर मोजलेला. दादाच्या अंगणात त्याच उंचीवर, टांगलेल्या पाटीच्या आडोशाला थर्मामीटर धरला तर ४ अंश. मग तोच बांधावरच्या गवतात आडवा ठेवला. थोड्या वेळाने बॅटरी मारून पाहिलं तर पारा शून्याच्या एक घर खाली. उघड्या आकाशाखाली गवताचं पातं आपली उष्णता वर फेकत राहतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतं. म्हणून हवा ४ अंशांवर असतानाही दव गोठतं.

उजाडलं तेव्हा दिसलं. बांधावरचं गवत पांढुरकं झालेलं. दादाच्या मोटारसायकलच्या सीटवर पातळ पापुद्रा, नखाने खरवडला की भुगा होणारा. हरळीच्या एका पात्यावर ओळीने थेंब बसले होते आणि प्रत्येक थेंब गोठून कडक झालेला, काचेच्या मण्यासारखा. भाची गुडघे टेकून, श्वास दुसरीकडे सोडत बघत होती. श्वास लागला असता तर वितळले असते. तिला द्रुंग आठवत होता की नाही कोण जाणे, तिने फोटोही काढला नाही.

तेवढ्यात दादाने मोटर चालू केली. पहाटे विहिरीचं पाणी ठिबकने बागेला सोडलं की मुळांशी ऊब राहते. त्याला हे कोणी शिकवलं नाही, त्याच्या वडिलांनाही नाही. त्यांच्या वेळी मोट होती आणि पहाटेच्या विहिरीतून वाफा निघायच्या, त्या बघून ते तेव्हाच बागायताला पाणी द्यायचे. विहिरीपाशी हौदात पाइपाचं पाणी पडत होतं आणि हौदावर वाफ होती. काल पाहिली तीच, संथ, पांढरी.

"मामा, इकडे या ना!" भाची ओरडली. तिने गोठलेल्या थेंबांसह ते पातं खुडून डाव्या तळहातावर घेतलं होतं आणि उजवा हात पाइपाच्या धारेत घातला होता.

"काय झालं गं?" दादा धावत आला.

"मोटर पाच मिनिटं बंद करू नका. मावशी, थर्मामीटर दे."

मी दिला. तिच्या डाव्या हातातले मणी तोवर थेंब झाले होते आणि मनगटावरून ओघळत होते. उजव्या हातातल्या थर्मामीटरचा पारा चढत जाऊन २३वर थांबला. तिने पेन मागितलं आणि तळहाताच्या ओल्या कडेला आधी २२ लिहिलं, खाली 'दुगारवाडी', मग २३.