रिले पुन्हा पुन्हा का जळत होता

रिले बदलला की गाडी महिनाभर ठीक चालते आणि मग पुन्हा तापायला लागते, अशी तक्रार आली की मी हातातलं काम बाजूला ठेवतो. रेडिएटरच्या पंख्याचा रिले, म्हणजे थोड्या करंटवर पंख्याचा मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, सहसा आपणहून जात नाही. तो सारखा जात असेल तर त्याच्यावर झेपणार नाही एवढा भार कुणीतरी टाकतंय, आणि ते शोधल्याशिवाय नवा रिले बसवणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे जाळणं.

ही गाडी जुनी होती, पण जपलेली. मालक वयस्कर गृहस्थ. बोनेट उघडायच्या आधी त्यांनी एक डबी माझ्या हातात दिली. आत जळालेले सगळे रिले जपून ठेवले होते.

“दर वेळी हाच जातो,” ते म्हणाले. “थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटरचं झाकण बदललं, कूलंट नवीन भरलं. आता एकाने सांगितलं, पंखे डायरेक्ट करून टाका, डॅशबोर्डवर स्विच देतो.”

“काका, डायरेक्ट तर अजिबात करू नका. आधी सांगा, तापते कधी?”

“ट्रॅफिकमध्ये. एसी चालू असला की लवकरच. मोकळ्या रस्त्याला लागलो की काटा आपोआप खाली येतो.”

या उत्तराने अर्धं काम झालं. वेगात असताना समोरचा वाराच रेडिएटरमधून जातो, पंख्याची गरज पडत नाही. रेडिएटर चोंदला असता किंवा वॉटर पंप कमजोर असता, तर मोकळ्या रस्त्यावरही, निदान चढावर तरी, काटा वर गेला असता. फक्त थांबल्यावर तापणारी गाडी म्हणजे हवा कमी पडतेय.

डबीतला एक रिले घेतला, बारीक पेचकसाने कव्हर काढलं. पॉइंट ओढून जोडणारी कॉइल मीटरवर 80 ओहम दाखवत होती, म्हणजे धडधाकट. पण पॉइंट, म्हणजे एकमेकांना टेकून पंख्याचा करंट जोडणारे संपर्क, काळेठिक्कर पडलेले. एकावर खड्डा, समोरच्यावर त्याच मापाचा उंचवटा. पंख्याकडे करंट नेणारी 87 नंबरची पिन करपून काळपट झाली होती आणि तिच्या बुडाशी प्लॅस्टिक वितळून पुन्हा घट्ट झालं होतं. 85 आणि 86, म्हणजे कॉइलच्या पिना, मात्र नव्यासारख्या चकचकीत. दुसरा रिले उघडला, तोही हुबेहूब तसाच.

या गाडीत दोन पंखे आणि तीन रिले आहेत. कमी वेगाला दोन्ही पंखे सिरीजमध्ये चालतात: बॅटरीचा करंट आधी डाव्या पंख्यातून जातो, तिथून पाच पिनांच्या रिलेच्या 87अ मधून (रिले न ओढलेला असताना जोडलेली पिन) उजव्या पंख्यात आणि मग अर्थला, म्हणजे गाडीच्या बॉडीला. दोघांना निम्मा निम्मा व्होल्टेज मिळतो, म्हणून ते हळू फिरतात. तापमान आणखी वाढलं की इंजिनचा कंट्रोलर बाकीचे दोन रिले ओढतो. मग डाव्याला थेट अर्थ मिळतो, उजव्याला स्वतंत्र सप्लाय मिळतो आणि दोघेही पूर्ण वेगाने पळतात. जळत होता तो उजव्या पंख्याचा रिले.

थंड इंजिनवर सगळं ठीक दिसलं. पंखे हाताने मोकळे फिरत होते, रिले टिक टिक वाजत होते, उजव्या पंख्याच्या कनेक्टरवर मीटर 12.5 व्होल्ट दाखवत होतं. आधी ज्यांनी गाडी पाहिली ते बहुधा इथेच थांबले असणार. पण टिक आवाज फक्त कॉइल ओढल्याचं सांगतो, पॉइंटमधून करंट जातोय की नाही ते सांगत नाही. आणि मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही. वायरीची एकच तार शाबूत असली तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवेल. पंख्याला दहा-पंधरा अँपिअर लागतात. त्यामुळे मी तिथे हेडलाइटचा जुना 55 वॅटचा बल्ब लावतो. तो साडेचार अँपिअर खातो, म्हणजे लाइनला थोडं तरी काम पडतं. बल्ब लावताच रिले ज्यात बसतो त्या सॉकेटवर अर्ध्या व्होल्टची घट दिसली. सॉकेटमधली 87 ची पिन धरणारी पितळी पकड सैल पडून जळाली होती. नवा रिले पहिल्या दिवसापासून करपलेल्या घरात बसत होता.

सॉकेट दुरुस्त करून गाडी देता आली असती. पण सॉकेट कशाने जळालं, ते अजून कळलं नव्हतं.

म्हणून इंजिन चालू केलं, एसी लावला आणि गाडी उभ्यानेच तापू दिली. बराच वेळ काही घडलं नाही. मग हाताखालचा पोरगा म्हणाला, “दादा, एक पंखा जोरात पळतोय.” खरंच, डावा पंखा चांगलाच घोंघावत होता आणि उजवा थांबला होता. मी त्याला समोरच्या जाळीवर कागद धरायला सांगितलं. डाव्या बाजूला कागद घट्ट चिकटला, उजवीकडे खाली पडला. अर्ध्या रेडिएटरला हवाच नव्हती. शिवाय दोन्ही पंखे रेडिएटरमागच्या एकाच प्लॅस्टिकच्या आवरणात असले की बंद पंख्याच्या भोकातून मागची गरम हवा आत खेचली जाते, म्हणजे चालू पंख्याचंही बरंचसं काम वाया.

डावा पंखा जोरात फिरतोय हे पाहून कुणालाही बरं वाटेल, पण तोच सगळ्यात मोठा पुरावा होता. कमी वेगाला तो जोरात फिरायलाच नको. मीटरच्या पिना वायरीला मागून लावल्या: डाव्या पंख्यावर 10.6 व्होल्ट, उजव्यावर 2.6. बरोबरीचे दोघे असते तर दोन्हीकडे साडेसहाच्या आसपास आकडा आला असता. फिरणारी मोटार उलट व्होल्टेज तयार करून करंट अडवते. जाम झालेली तसं करू शकत नाही, ती निव्वळ तांब्याची गुंडाळी होऊन बसते. ओहमच्या चौथ्या हिश्शाएवढी अडचण, आणि बहुतेक सगळा व्होल्टेज शेजारच्या चांगल्या मोटारीच्या वाट्याला.

मग जास्त वेगाच्या रिलेला जंपरने काही सेकंद अर्थ दिला आणि उजव्याच्या वायरीवर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर धरला. (फक्त घरगुती विजेसारखा उलटसुलट करंट मोजणारा साधा क्लॅम्प इथे उपयोगाचा नाही.) करंट 34 अँपिअर. पंखा जेमतेम थरथरला. सॉकेटवर त्याच वेळी तीन व्होल्टची घट, म्हणजे त्या एवढ्याशा पितळी पकडीत शंभर वॅटची उष्णता. हातातलं सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचं असतं. फ्यूज होता 40 अँपिअरचा, त्याला यात वावगं काही वाटण्याचं कारण नव्हतं. उलट जळक्या सॉकेटमुळेच करंट 34 वर अडत होता; नवा रिले आणि स्वच्छ पकड असती तर तो आणखी चढला असता आणि कदाचित फ्यूज उडून खरा दोषी आधीच सापडला असता.

मोटार उतरवली तेव्हा शाफ्ट गरम होता आणि पक्कडीनेही फिरेना. बाकावर थंड झाल्यावर तोच शाफ्ट दोन बोटांनी फिरला. शाफ्ट ज्यात फिरतो ते आतलं बुश कोरडं पडलं होतं, तापलं की शाफ्ट धरून ठेवत होतं. सकाळी थंड गाडीवर हे कुणालाच दिसणं शक्य नव्हतं.

काकांना मी ती मोटार गरम असतानाच हातात दिली होती. त्यांनी फिरवून पाहिली आणि एवढंच विचारलं, “मग डायरेक्ट केलं असतं तर?”

हा सल्ला मला मनापासून खटकतो. स्विचची आणि आतली बारीक वायर 34 अँपिअरच्या भाराने डॅशबोर्डमागे तापली असती, तीही बऱ्याचदा फ्यूजशिवाय. रिलेने निदान बोनेटखाली जळून इशारा दिला.

उजवी मोटार नवी बसवली. सॉकेटमधली पकड बदलली, आणि तिच्यामागची वायर तार काळी पडलेली होती तिथपर्यंत कापून त्याच जाडीची नवी जोडली, नीट क्रिंप करून. पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड अशा लाइनवर टिकत नाही. अर्थच्या बोल्टवर घट मोजली, ती किरकोळ होती, त्याला हात लावला नाही. मगच नवा रिले.

पुन्हा एसी लावून गाडी तापवली. डावीकडे 6.7 व्होल्ट, उजवीकडे 6.5. कागद दोन्ही बाजूंना चिकटला. पूर्ण वेगाला नवी मोटार 12 अँपिअर घेत होती, जुनी डावी 13. डावीचंही वय झालंय, म्हणून तो 13 चा आकडा काकांच्या सर्व्हिसच्या वहीत लिहून दिला. पुढच्या सर्व्हिसला गरम इंजिनवर पुन्हा मोजायचा. 17-18 च्या पुढे गेला तर रिले जळायची वाट न बघता ती मोटारही बदलायची.