आमची वाटचाल: सोलापूर, दिवाळीचा लोड आणि आमची पोरं

सोलापुरात नवी पेठेत जिन्याखालच्या एका छोट्या गाळ्यात आम्ही १९९१ साली कुरिअरची एजन्सी घेतली, तेव्हा दोन पोरं होती, दोन सायकली, एक वजनकाटा आणि फोन शेजारच्या दुकानातला. लोक विचारायचे, पोस्ट आहे की, स्पीड पोस्ट पण १९८६ पासून चालू झालंय, मग तुमचं काय नवीन? आमचं उत्तर होतं बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्यानं दिलेली मालाची पावती. सोलापूर म्हणजे चादर आणि टॉवेल, चाटी गल्लीतल्या व्यापाऱ्यानं ट्रान्सपोर्टला गठ्ठे टाकले की त्याची बिल्टी पुढच्या गावच्या पार्टीच्या हातात पडायला लागते, ती दाखवल्याशिवाय गोडाऊनमधनं माल सुटत नाही. ट्रक पोचलाय आणि बिल्टी अजून वाटेतच, असं दिवाळीच्या तोंडावर झालं की समोरच्या दुकानदाराचा सीझन गेलाच समजा. म्हणून आमचा धंदा पहिल्या वर्षापासून दिवाळीवर उभा आहे, आणि आज लिहायला बसलोय ते दिवाळीच्या लोडबद्दलच, खरं तर तो लोड ज्यांच्या अंगावर येतो त्या पोरांबद्दल.

तेव्हाचा लोड कसा होता ते आधी सांगतो. दसरा झाला की सुरू व्हायचा आणि धनत्रयोदशीला संपायचा. मुंबईहून रात्री निघालेली बॅग पहाटे स्टेशनवर, पुण्याची लक्झरीच्या डिकीतनं, दोन्ही उतरवून सायकलच्या कॅरिअरला बांधून गाळ्यावर आणायच्या आणि जमिनीवर सतरंजी टाकून सॉर्टिंग. बिल्ट्या, ड्राफ्ट, चेक, कापडाच्या सॅम्पलचे फोल्डर आणि ढिगानं ग्रीटिंग कार्डं. एरवी एका पोराकडं ३०-४० लखोटे असायचे ते दिवाळीत शंभरच्या पुढं जायचे, पण वजन काय, एका कॅनव्हासच्या पिशवीत मावायचं. दमायचे ते पाय. त्यातले एक आमचे मामा, म्हणजे वयानं माझ्याएवढेच पण सगळे त्यांना मामाच म्हणतात, ते निघायच्या आधी लखोटे गल्लीवार लावायचे, मधला मारुती, मग टिळक चौक, मग तिथनं खाली, आणि ज्या घरी माणूस दुपारी झोपतो त्याचा लखोटा मुद्दाम शेवटी, रबर बँड लावून झाला की परत वर बघायचं नाही, हात घातला की पुढचंच घर यायचं. पीओडीच्या, म्हणजे पोचपावतीच्या कागदावर सही घ्यायची, घर बंद असलं तर शीटवर डोअर लॉक लिहायचं आणि उद्या परत. कुणी पाणी द्यायचं, कुणी चिवड्याची पुडी हातात ठेवायचं. लक्ष्मीपूजनाला सकाळी उरलंसुरलं वाटून संध्याकाळी वजनकाट्याला हळदकुंकू लावलं की गाळा बंद, तो भाऊबीज झाल्यावर उघडायचा. एमआयडीसीतले पॉवरलूमच बंद असायचे, व्यापारी गावाला गेलेले, मग बिल्टी येणार कुठनं.

मला आज जे सांगायचंय ते हेच आहे की लोड तर वाढलाच, पण त्यापेक्षा मोठी गोष्ट ही झाली की त्याला शेवट राहिला नाही. मान मोडून काम आमची पोरं तेव्हाही करायची, पण कुठल्या दिवशी सुटणार हे त्यांना माहीत असायचं.

नव्वदच्या दशकात मध्यंतरी शेअरच्या फॉर्मची लाट आली, डीमॅट, म्हणजे शेअर कॉम्प्युटरवरच्या खात्यात ठेवायची सोय, नव्हती, सगळं कागदावर, अर्जांचे आणि सर्टिफिकेटांचे गठ्ठेच्या गठ्ठे. ते पुढं डीमॅटनं बंद झालं. ग्रीटिंग कार्डं मोबाइलच्या मेसेजनं खाल्ली, सणाच्या दिवशी मोबाइल कंपन्या मेसेजचे पॅक बंद ठेवून पूर्ण पैसे लावायच्या तरी लोक मेसेजच पाठवायचे. कार्डं गेली आणि त्यांच्या जागी डबे आले, ड्रायफ्रूटचे, मिठाईचे, कंपन्यांकडनं डीलरला, युनिफॉर्मच्या कारखान्यांकडनं बाहेरगावच्या गिऱ्हाइकांना. इथं पहिल्यांदा पोरांच्या अंगावर खरं वजन आलं. सायकलवर डबे राहीनात म्हणून एम-८० घेतली, मग आणखी एक. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड असं शहर पसरत गेलं आणि पायी फिरायचा एरिया गाडीचा झाला. २००३ मध्ये इनकमिंग फ्री झालं, त्यानंतर प्रत्येक पोराकडं मोबाइल आला, पत्ता सापडला नाही की फोन. सोय झाली हे खरंच, पण आमच्याही फोनची सुरुवात तिथनंच झाली, कुठं आहेस, किती राहिलं, त्या पार्टीचा तिसऱ्यांदा फोन आलाय.

मग ऑनलाइन. आमच्याकडं पहिली पार्सलं पुस्तकांची आणि मोबाइलची आली, कॅश ऑन डिलिव्हरीवाली, आणि लोकांचा विश्वास बसला तो त्या सीओडीमुळंच. ६ ऑक्टोबर २०१४ ला फ्लिपकार्टनं बिग बिलियन डे केला, दसरा नुकताच झाला होता, दिवाळीला अडीच आठवडे होते. त्या वर्षी बाकीच्यांचेही सेल लागले आणि वरून येणाऱ्या बॅगा एकदम पोत्यांच्या झाल्या. गाळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती, शेजारच्या जिन्यावर पार्सलं रचून ठेवली आणि रात्री एकानं तिथंच राखण केली. तोपर्यंत दिवाळीचा माल म्हणजे सोलापुरातनं बाहेर जाणारा आणि थोडा आत येणारा होता, त्या वर्षापासून ते उलटलं.

सीओडीचं ओझं वेगळंच असतं, ते बाहेरच्याला दिसत नाही. पोरगं संध्याकाळी परत येतं ते खिशात ३०-४० हजार रुपये घेऊन, दिवाळीच्या गर्दीतनं, एकटं. नोटा मोजायच्या, फाटकी परत का घेतली म्हणून ऐकायचं, पन्नास रुपये कमी भरले तर पगारातनं. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी झाली तेव्हा दिवाळी नुकतीच उरकली होती, आणि रस्त्यावर असलेली सगळी सीओडी पार्सलं आहे तशी अडकली, गिऱ्हाईक म्हणतंय हजाराची घ्या, वरून सांगितलंय घेऊ नका, आणि मध्ये उभं आमचं पोरगं. आता यूपीआयमुळं हा त्रास बराच कमी झालाय, क्यूआर दाखवला की झालं. टेक्नॉलॉजीनं पोराचं ओझं खरोखर हलकं केलं असं कुणी विचारलं तर मी पहिल्यांदा हेच सांगेन.

बाकी अ‍ॅपचं काय सांगू. अ‍ॅप पार्सलांचा क्रम लावून देतं, पण मामा लावायचे तसा नाही, त्याला बोळ कळत नाही, बुधवारच्या बाजारानं बंद झालेला रस्ता कळत नाही. कुंभारीच्या विडी घरकुलात जाऊन बघा, २००६ मध्ये विडी कामगार बायांना मिळालेली १० हजार घरं, ओळीनं एकसारखी, आता त्याच बाजूला रे नगर, तिथली १५ हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये दिली. नकाशावर टिंब येतं ते ओळीच्या तोंडाशी. पार्सलवर नाव असतं पोराचं, ते पोरगं पुण्याला कामाला, नंबर त्याचा, ओटीपी त्याच्या फोनवर, आणि दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसलेली त्याची आई, तिला तेलुगू येतं आणि मराठी थोडंथोडं. मग आमचा पोरगा तिला सांगणार, अक्का, मुलाला फोन लाव, मुलगा शिफ्टमध्ये, फोन उचलत नाही, वाट बघायची. या एका दारात दहा मिनिटं जातात आणि अ‍ॅपमध्ये ती दहा मिनिटं कुठं दिसतच नाहीत, दिसतं ते एवढंच की आज पहिल्या फेरीत किती टक्के पोचली. पूर्व भागात आम्ही तेलुगू बोलणारीच पोरं ठेवतो, ते त्यामुळंच.

आणि पैसा. पूर्वी महिन्याचा पगार, दिवाळीला बोनस, एक चादर आणि फराळ, लखोटे पन्नास असोत की दीडशे. आता बहुतेक ठिकाणी पार्सलमागे रेट, १२-१५ रुपये. पोचलं तर पैसे, दार बंद असलं तर शून्य, तिसऱ्या मजल्यावर जाऊन आलं तरी शून्य. दिवाळीत निम्मी लोकं गावाला गेलेली असतात, म्हणजे चकरा जास्त आणि पैसे कमी असा उलटा हिशोब होतो. पूर्वी पार्टी घरी नसली तर नुकसान मालकाचं व्हायचं, आता ते सरकत सरकत पोरापर्यंत आलंय. मला हे पटत नाही आणि मी ते कंपन्यांच्या मीटिंगमध्ये उभं राहून बोललोय. एका अपार्टमेंटमध्ये तर डिलिव्हरीवाल्यांनी लिफ्ट वापरू नये अशी पाटी आहे, मिक्सर आणि कुकरचे खोके घेऊन पोरं जिन्यानं चढतात. ऑक्टोबरचं सोलापूरचं ऊन ज्यांना माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको.

२०२० च्या दिवाळीला, १४ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होतं, लोक घरातनं बाहेर पडायला घाबरत होते आणि खरेदी सगळी मोबाइलवर. पोरं गेटवर पार्सल ठेवून लांब उभी राहायची. त्या वर्षी ज्या घरांनी पहिल्यांदा ऑनलाइन घेतलं ती परत दुकानाकडं पूर्ण वळली नाहीत, म्हणजे तो लोड आमच्याकडं कायमचा राहिला.

आता सीझन कसा चालतो बघा. ऑगस्टमध्येच कंपन्यांकडनं फोरकास्ट येतो, इतकी पार्सलं येणार, इतकी पोरं वाढवा. गणपती जातात न जातात तोच सेल. घटस्थापनेपासून लक्ष्मीपूजनापर्यंत एकही रविवार नाही. आणि भाऊबीज झाली की संपलं का, तर नाही, मग रिटर्न सुरू होतात. ड्रेस बसला नाही, रंग वेगळा आला, बहिणीला आवडला नाही. घरी जायचं, टॅग आहे का बघायचं, चार बाजूंनी फोटो काढायचे, अ‍ॅपमध्ये एकेक खूण करायची, गिऱ्हाइकाशी वाद झाला तर तो ऐकायचा आणि तेच खोकं परत आणायचं. अठरा-वीस दिवसांचा जो लोड होता तो दोन महिन्यांचा झालाय. पोरं मार्गशीर्षात आजारी पडतात, हे मी दरवर्षी बघतोय.

२०२५ ला तर सगळंच एकदम आलं. २२ सप्टेंबरला घटस्थापना, त्याच दिवसापासून जीएसटीचे नवे दर, मोठ्या टीव्हीवरचा २८ टक्क्यांचा १८ झाला, लोक त्याची वाट बघत खरेदी थांबवून बसले होते, लगेच सेल, आणि त्याच आठवड्यात सीना नदीला महापूर. लांबोटीजवळ पुणे हायवे बंद पडला, आमच्या गाड्या मोहोळच्या अलीकडं पलीकडं अडकल्या. इकडं फोनवर गिऱ्हाईक विचारतंय माझा टीव्ही कुठंय, आणि आमच्यातल्या दोन पोरांच्या घरात गावाकडं पाणी शिरलेलं. त्यांना आम्ही पहिल्याच दिवशी घरी पाठवलं, भरपगारी, आणि त्यांचा एरिया बाकीच्यांनी वाटून घेतला. रस्ता सुरू झाल्यावर तीन-चार दिवसांचा माल एका पहाटे उतरला. मामा आता रस्त्यावर जात नाहीत, हबवर, म्हणजे सॉर्टिंगच्या जागी बसतात, पण त्या पहाटे त्यांनीच अ‍ॅपची लिस्ट बाजूला ठेवून सगळी पार्सलं गल्लीवार लावून दिली आणि पोरं दुपारपर्यंत मोकळी झाली. लहान पोरं बघत उभी होती.

आम्ही आमच्यापुरतं काय केलंय ते सांगतो, कारण बरेच एजन्सीवाले विचारतात की परवडतं कसं. आमच्याकडं पगार ठरलेला आहे आणि वर पार्सलमागे रेट, दार बंद असलं तरी चकरेचे पैसे मिळतात. गाडीवरचं ओझं हँडलच्या वर जाऊ द्यायचं नाही, त्याच्या वरचं सगळं टेम्पोत. रात्री आठनंतर हायवेपलीकडची डिलिव्हरी नाही, कंपनीचा टक्का पडला तर पडू दे. सीझनला घेतलेल्या पोरांचाही अपघाताचा विमा पहिल्या दिवसापासून, आणि ई-श्रमची, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवरची नोंदणी आम्हीच बसून करून देतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झालीय, त्यात गिग कामगारांसाठी, म्हणजे अ‍ॅपवरनं कामाप्रमाणे पैसे मिळणाऱ्या पोरांसाठी, मोठ्या अ‍ॅप कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम द्यायची तरतूद आहे, ते पैसे पोरांपर्यंत कोणत्या वाटेनं येतात याच्यावर आमचं लक्ष आहे आणि तुम्हीही ठेवा. हे सगळं करून नफा कमी होतो, खोटं कशाला बोलू, पण आमची पोरं वर्षानुवर्षं टिकतात आणि टिकलेल्या पोराला एरिया पाठ असतो, तो हिशोब शेवटी जमतो.

आणि लक्ष्मीपूजनाची सुट्टी आम्ही परत चालू केलीय. दुपारी बारानंतर हब बंद, पाडव्याला बंद, भाऊबीजेला अर्धा दिवस, ज्याला बहिणीकडं लांब जायचंय त्याला पूर्ण. सुरुवातीला कंपन्या कुरकुरल्या, आता कळवलं की मान्य करतात. २०२६ ला लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी आहे, आणि आमच्या बंदचं पत्र त्यांच्याकडं आत्ताच गेलंय.