तुम्ही विचारलंत म्हणून: लॅबमध्ये जीव बनवता का?

गावी आलो की कृषी केंद्रासमोर हा प्रश्न ठरलेला, "काय करून राहिला बापू तू तिकडे, जीव बनवता म्हणे तुमी, बीटीवानीच का?" आता फोनवरही तेच विचारतात, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

बीटी कपाशी 2002 ला आली, तिच्यात मातीतल्या एका बॅक्टेरियाचा जीन, म्हणजे डीएनएचा एक तुकडा, आहे, बोंडअळीला मारणारं प्रोटीन बनवणारा, आणि गुलाबी अळीने पुढे तेही कसं पचवलं हे यवतमाळच्या माणसाला मी काय सांगू. आम्ही सिंथेटिक बायोलॉजीवाले एका जीनवर थांबत नाही, कोणता जीन कधी चालू अन् कधी बंद याचं अख्खं सर्किटच बसवतो. 2000 साली इलोविट्झ आणि लाइबलर या शास्त्रज्ञांनी ई. कोलाय नावाच्या बॅक्टेरियात तीन जीन असे बसवले की पहिला दुसऱ्याला दाबतो, दुसरा तिसऱ्याला, तिसरा परत पहिल्याला, अन् सोबत जोडलेल्या चमकणाऱ्या प्रोटीनमुळे बॅक्टेरिया हिरवा चमकायचा, विझायचा, परत चमकायचा. कागदावर सोपंच आहे हो, पण पेशी कुठं ऐकते, एकीच्या दोन झाल्या की दोघींची लय वेगळी.

रोजचं काम म्हणाल तर बॅक्टेरियात डीएनए मिसळून बर्फात ठेवायचं, मग 42 डिग्रीच्या पाण्यात पाऊण मिनिट, परत बर्फात. त्या झटक्यात थोड्यांच्याच आत तो शिरतो. मग अँटिबायोटिकच्या प्लेटवर पसरायचं, त्या डीएनएतच औषधाला पुरून उरायचा जीन असतो म्हणून ज्यांनी घेतला तेच जगतात, सकाळी प्लेटवर राजगिऱ्याएवढे ठिपके. कधी एकही नाही.

अन् जीव बनवायचं म्हणाल, तर 2010 मध्ये क्रेग व्हेंटर या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या टीमने एका बॅक्टेरियाचा अख्खा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, केमिकलने जोडून बनवला, पण टाकला दुसऱ्या बॅक्टेरियाच्या आयत्या पेशीत, त्यामुळे "जीव बनवला" हे मला जास्तच वाटतं. 2016 ला त्यांनीच छाटत छाटत 473 जीनवर आणला, त्यातले 149 नेमकं काय करतात हे त्यांनाच कळेना, अन् काढावं तर पेशी मरते नाहीतर धड वाढत नाही! मला सगळ्यात भारी हेच वाटतं.

"मंग आमच्या काय कामाचं?" हा पुढचा प्रश्न. शुगरवाले इन्सुलिन घेतात ना, ते 1982 पासून असंच बॅक्टेरियाकडून बनवून घेतलेलं मिळतंय. आणि वावरात कामगंध सापळे लावता, त्या ल्युरमध्ये, म्हणजे आतल्या वासाच्या गोळीत, नर पतंगाला ओढणारा मादीचा वास असतो, हिरव्या बोंडअळीचा तसा वास आता यीस्टकडून बनवून घेता येतो. गुलाबीचा वास वेगळा, तिच्यासाठी हे ल्युर चालणार नाही, उगाच आणून टांगू नका.