जाळीच्या शिवणीतली गोगलगाय

पुण्यातल्या घरांमधले फिश टँक आणि बागांमधल्या कमळाच्या टाक्या सांभाळणे हा माझा व्यवसाय आहे. पाहणाऱ्याला वाटते की आम्ही मासे सांभाळतो. प्रत्यक्षात आम्ही पाणी वाहतो, आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळा, हे एकेका घरी दहा वेळा सांगतो.

श्रावणात कोथरूडच्या एका काकांचा फोन आला. "तुम्ही दिलेल्या पाल्यातून गोगलगायी आल्या आहेत. काचेवर पन्नास तरी मोजल्या." मला राग आला, कारण पाणवनस्पतींच्या बाबतीत मी सोवळ्याओवळ्यासारखा कडक आहे. बाजारातून आणलेली व्हॅलिस्नेरिया मी तुरटीच्या पाण्यात बुडवतो, पण तुरटीवर विसंबत नाही. अंडी तिने मरतीलच याची खात्री नसते. ही अंडी म्हणजे पानामागे चिकटलेला पारदर्शक जेलीचा ठिपका. तो डोळ्यांना चुकतो, बोटाला बुळबुळीत लागतो. म्हणून रोपे तीन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवतो. आपल्या हवेत तेवढ्यात अंडी फुटून पिल्ले बादलीच्या कडेला चढलेली दिसतात. दुकानदार हे करत नाहीत, कारण रोप जितके दिवस बादलीत, तितके दिवस त्यांचे पैसे अडकलेले.

काकांकडे दोन जागी दोन जाती निघाल्या. बागेतल्या टाकीत चकलीच्या वेढ्यासारखी चपटी, तपकिरी इंडोप्लॅनॉर्बिस होती, म्हणजे इथलीच. ती कमळाच्या कंदाला लागलेल्या चिखलातून आली असणार, आणि कंद काकांनीच आणला होता, हे मी जरा विजयी सुरातच सांगितले. हॉलमधल्या तीन फुटी टाकीत मात्र मुगाएवढ्या, टोकदार, ठिपक्यांच्या गोगलगायी होत्या. त्यातली एक चिमटीत घेऊन टोक वर आणि तोंड माझ्याकडे येईल असे धरले, तर तोंड डाव्या बाजूला होते. बहुतेक गोगलगायींचे ते उजवीकडे असते. ही फायसेला अक्युटा, मूळची उत्तर अमेरिकेतली आणि आता जगभर पसरलेली. तिला जोडीदार लागतोच असे नाही. एकटी आली तरी अंडी घालू शकते. पन्नासांचे पोट भरत होते ते उरलेल्या खाद्यावर, कारण नातू दिवसातून चारदा मासे जेवू घालत होता.

"काका, या निरुपद्रवी असतात. खाद्य कमी करा, रात्री काकडीची फोड सोडा आणि सकाळी गोगलगायींसकट उचलून टाका," एवढे बोलून मी निघालो. त्यांना भीती नेमकी कशाची वाटते, हे विचारले नाही.

काका गुहागर तालुक्यातले. त्याच तालुक्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाण्याचा रोग आढळल्याची नोंद १९५२ साली झाली; तो शिस्टोसोमा नावाच्या कृमीचा, आणि त्याला पोसणारी म्हणून फेरिसिया या टोपीसारख्या शंखाच्या, जेमतेम काही मिलिमीटरच्या गोगलगायीकडे बोट दाखवले गेले. गोगलगायींच्या पाण्यात उतरू नये, हे काकांनी लहानपणापासून ऐकलेले, आणि इथे नातू कोपरापर्यंत हात घालून मासे धरत होता. टाकीतली जात वेगळी आहे आणि काचेच्या टाकीत तो कृमी येणार कुठून, हे समजवायला मला दोन मिनिटे लागली असती.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन आला. कोणाच्या तरी सल्ल्याने त्यांनी टाकीत मोरचूद टाकला होता. असे सल्ले देणाऱ्यांना पुढचे निस्तरावे लागत नाही. मोरचुदाने गोगलगायी मरतात हे खरे आहे. पण त्यातले तांबे माशांच्या कल्ल्यांनाही सोडत नाही, आणि पाणी जितके मृदू तितके ते अधिक जहाल ठरते. पुण्याला येणारे धरणाचे पाणी मृदूच. शिवाय मेलेल्या गोगलगायी रात्रभर खडीत सडत होत्या. पाचही गोल्डफिश पाण्याच्या वर तोंड काढून हवा गिळत होते. एकाच्या कल्ल्याचे झाकण उघडे ते मिटतच नव्हते. अमोनियाच्या चाचणीत जे पाणी पिवळे राहायला हवे, ते गर्द हिरवे झाले. मासे क्लोरीन काढलेल्या पाण्याच्या टबात हलवून एअर पंप लावला. संध्याकाळपर्यंत दोन गेले. नातू टबाशी उकिडवा बसून होता आणि काका माझ्याकडे पाहत नव्हते.

रात्री घरी जाळी धुताना तिची शिवण उलटी केली. आत, दोऱ्याच्या टाक्यांमध्ये, बाजरीच्या दाण्याएवढी गोगलगाय होती. भिंगाखाली धरली, तोंड डावीकडे. टबात हलवण्याच्या गडबडीत ती काकांच्या टाकीतून आली असेल, किंवा आधीपासून तिथेच बसलेली असेल. काकांचा पहिला फोन येण्याआधीच्या फेरीच्या दिवशी मी सकाळी एरंडवण्यातली एक टाकी केली होती, जिथे हीच जात वर्षभर आहे, आणि तीच जाळी ओली गुंडाळून पिशवीत टाकली होती. डार्विनने बदकाचे पाय मत्स्यालयात टांगून पाहिले होते. नुकत्याच जन्मलेल्या गोगलगायी त्या पायांना घट्ट चिकटल्या आणि दमट हवेत बारा ते वीस तास जगल्या. माझ्या दोन घरांमध्ये दीड तासाचे अंतर होते.

आता प्रत्येक घराची जाळी त्याच घरी राहते. काकांकडे मी नवी जाळी खिळ्याला अडकवली तेव्हा त्यांनी विचारले, "जुनीला काय झाले?" मी सांगितले की ती फाटली.