दुसऱ्याच ट्रकचं स्टिकर

"ट्रेलरच्या ब्रेकचं बटण कुठे आहे, तेवढं दाखवा," असं म्हणत बाईंनी काउंटरवर किल्ली ठेवली. गाडी 2015 ची शेवरोले सिल्व्हरॅडो 1500, चार दारांची, फोर-व्हील ड्राइव्ह, 5.3 लिटर इंजिन. डॅलसच्या उत्तरेला डेंटनच्या आसपास घोड्यांची फार्म्स पसरली आहेत. मी तिथल्याच एका डीलरकडे सर्व्हिस ॲडव्हायझर आहे, त्यामुळे घोड्यांचे ट्रेलर ओढणारी मंडळी रोजचीच. बाईंनी पिकअप नुकतीच जुन्या गाड्यांच्या एका लॉटवरून घेतली होती. मॅक्स ट्रेलरिंग पॅकेज, म्हणजे जड ट्रेलर ओढण्याची कंपनीची खास जोडणी आहे, ट्रेलरचे ब्रेक चालवणारा ब्रेक कंट्रोलर कंपनीनेच बसवलेला आहे, असं विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. त्या भरवशावर चार घोड्यांच्या मोठ्या ट्रेलरचा बयाणाही बाईंनी देऊन टाकला होता.

एकाच नावाची पिकअप इथे इतक्या तऱ्हांनी बनून येते की बाहेरून बघून तिची ताकद सांगणं अशक्य. मागे हुक आहे, सात पिनांचं सॉकेट आहे, म्हणजे झालं, असं लोक धरून चालतात. कंपनीच्या कोडमध्ये हुक म्हणजे फक्त झेड82. ब्रेक कंट्रोलर जेएल1. लॉक होणारा डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा गिअर, तो जी80. मॅक्स ट्रेलरिंग एनएचटी. त्यात मागचे पाटे जाड, 9.76 इंची मोठा एक्सल आणि 3.73 चा रेशो (चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टचे 3.73 फेरे), म्हणजे जीटी4. व्हीआयएनमध्ये, म्हणजे गाडीच्या सतरा अक्षरी ओळख-क्रमांकात, आठवं अक्षर इंजिन सांगतं, दहावं साल. टोइंगचं पॅकेज त्यात लिहिलेलं नसतं. ते या वर्षांच्या गाड्यांत ग्लोव्ह बॉक्समधल्या स्टिकरवर असतं. तीन-तीन अक्षरांच्या कोडच्या ओळीच्या ओळी. ट्रकचा सातबाराच म्हणा ना. अलीकडच्या गाड्यांना त्याऐवजी दाराच्या खांबावर क्यूआर कोड येतो.

मी ग्लोव्ह बॉक्स उघडला. स्टिकर स्वच्छ, एनएचटी आहे, जीटी4 आहे, जेएल1 सुद्धा आहे. आणि डॅशबोर्डवर, स्टिअरिंगच्या डाव्या हाताला जिथे कंट्रोलर असायला हवा, तिथे नुसतं प्लास्टिकचं झाकण.

कारखान्यात अशी गफलत होत नाही. स्टिकरच्या वरच्या ओळीत व्हीआयएन छापलेला असतो. काचेतून दिसणारा, डॅशवरचा व्हीआयएन मी त्याच्याशी ताडून पाहिला. साल तेच, इंजिनाचं अक्षर तेच, शेवटचे आकडे वेगळे. कोणीतरी भंगार यार्डातून दुसऱ्या सिल्व्हरॅडोचा ग्लोव्ह बॉक्स आणून हिला बसवला होता आणि विकणाऱ्याने त्याच परक्या ट्रकचे कोड वाचून दाखवले होते.

खरा व्हीआयएन आमच्या सिस्टीममध्ये टाकला. झेड82, जी80, झेड71 म्हणजे खडबडीत रस्त्यांचं पॅकेज, आणि 3.42 चा जीयू6. एनएचटी नाही, जेएल1 नाही. पण एकदा कागदाने फसवलेल्या माणसाला दुसरा कागद दाखवून भागत नाही, म्हणून गाडी लिफ्टवर घेतली. मागच्या एक्सलच्या कव्हरला दहा बोल्ट, म्हणजे 8.6 इंची. शॉकॲब्सॉर्बरवर झेड71 बरोबर येणाऱ्या रँचो कंपनीचं नाव, म्हणजे बाजूवरचं झेड71 चं चित्र तरी खरं. आमच्या तरुण मेकॅनिकने एक चाक हाताने फिरवलं, दुसरं उलटं फिरलं, आणि त्याने जाहीर केलं, "ओपन आहे, जी80 नाही." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. जी80 एरवी ओपन, म्हणजे लॉक न होणाऱ्या डिफरन्शियलसारखाच वागतो; दोन चाकांच्या वेगात साधारण 100 आरपीएमचा फरक पडला की मगच लॉक होतो. हातानं हळू फिरवून त्याचा पत्ता लागत नाही, आणि ही चुकीची परीक्षा पोरं व्हिडिओ बघून शिकतात. रेशो मात्र हातानं मोजता येतो. एक चाक घट्ट धरायचं, शाफ्टवर खडूची खूण करायची, दुसऱ्या चाकाचे दोन पूर्ण फेरे करायचे. 3.73 असता तर शाफ्ट पावणेचारला जरा कमी फिरला असता. साडेतीन फेऱ्यांच्या आतच खूण थांबली. बाई शेजारी उभ्या राहून स्वतः मोजत होत्या.

मागे हवेच्या सपोर्ट-पिशव्याही निघाल्या, आधीच्या मालकाने बसवलेल्या. त्यांनी ट्रकची पाठ खाली बसत नाही. वजन मात्र एका पौंडानेही घटत नाही, आणि दारावरच्या लेबलचा आकडाही वाढत नाही.

तो आकडा 1,660 पौंड होता. माणसं, सामान आणि ट्रेलरचा हुकवर येणारा भार, सगळं त्यात बसायला हवं. चार घोडे, ट्रेलर, चारापाणी धरून साडेदहा हजार पौंड होत होते. 3.42 ला कंपनीची मर्यादा नऊ हजारांच्या आसपास. हुकवर एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार येतो. 12 धरला तरी 1,260. बाई, त्यांचे यजमान, खोगिरं, टूलबॉक्स मिळून सहाशे. कागदावर बेरीज मांडली, 1,860.

"पण दोन घोडे तर आरामात ओढले तिने," बाई म्हणाल्या.

"ओढेल हो. चारही ओढेल. आय-35 वर शेजारून मोठा ट्रक गेला आणि मागचं डोलायला लागलं, की तेव्हा काय, ते मी सांगतोय."

त्या बराच वेळ त्या बेरजेकडे बघत राहिल्या. विकणाऱ्याने मुद्दाम केलं का, असं त्यांनी मला विचारलं. मला अजून ठरवता येत नाही. स्टिकर वाचण्याचे कष्ट घेणारे तिथे मुळात विरळा. याने वाचलं आणि वरची ओळ सोडली. कंट्रोलरच्या जागी झाकण आहे हेही त्याने पाहिलं नाही, किंवा पाहून सोडून दिलं. हप्त्यावर गाडी घेणाऱ्या माणसाच्या दृष्टीने या दोन्हींत काही फरक उरत नाही, आणि तरी अशा ठिकाणी 'आम्हाला काय माहीत' एवढ्या एका वाक्यावर सुटका होते.

दोन घोड्यांच्या ट्रेलरसाठी बाहेरच्या कंपनीचा कंट्रोलर आम्ही बसवून दिला. झेड82 मुळे वायरिंग होतंच. मोठ्या ट्रेलरचा बयाणा परत मिळावा म्हणून बाईंना व्हीआयएनच्या यादीची प्रत दिली आणि वजनाची बेरीज रिपेअर ऑर्डरवर लिहून सही घेतली.

पण ग्लोव्ह बॉक्स बदलावा लागतो तो कशाने? विनाकारण कोणी बदलत नाही. गाडीच्या इतिहासाच्या अहवालात अपघाताची नोंद नाही. समोरून ठोकर बसली असेल तर त्याच बाजूची एअरबॅगही उघडली असू शकते, आणि ज्याने कप्पा यार्डातून आणला त्याने एअरबॅग कुठून आणली, की आणलीच नाही? डॅशवरचा एअरबॅगचा दिवा लागतो आणि विझतो, पण तो फसवता येतो हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, शेजारच्या सीटवर नात बसते. मंगळवारी डॅश उघडायचा ठरलाय. तोवर नातीला मागे बसवा, एवढं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं आहे.